लार्प म्हणजे काय रे भाऊ?

"लार्प? हा कुठल्या सेमला आहे?" ही माझ्या रूममेटची पहिली प्रतिक्रिया. शेजारच्या रूममधलीला ते डास मारायच्या औषधाचं नाव वाटलं, आणि मेकॅनिकलच्या एका मित्राने तर ठामपणे सांगितलं की ही वेल्डिंगची एखादी प्रोसेस असणार. हा एक खेळ असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. त्यांचा दोष नाही म्हणा. आपल्याकडे खेळ म्हटलं की क्रिकेट, कॅरम, आणि रात्री अकरानंतर मोबाइलवर चालणारा गोळीबार!

तेव्हा मंडळी, आधी शब्दाची फोड करू. 'लाइव्ह ॲक्शन रोल प्ले' या चार इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे लार्प. काही माणसं ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जमतात. प्रत्येक जण एक भूमिका घेतो. मग पुढचे काही तास (कधी कधी काही दिवस!) तो त्या भूमिकेतला माणूस म्हणूनच चालतो, बोलतो, भांडतो, जेवतो. संवाद लिहिलेले नसतात. पुढे काय होणार ते कुणालाच पक्कं माहीत नसतं. प्रेक्षक नसतात, कारण जे हजर असतात ते सगळे खेळतच असतात. झाली व्याख्या. दोन मार्क!

याहून सोपं सांगायचं तर भातुकली आठवा. "मी डॉक्टर, तू आई, आणि बंड्या पेशंट" असं म्हणून अंगणात जे चालायचं, त्याचंच हे मोठं भावंडं. फरक इतकाच की इथला बंड्या पस्तीस वर्षांचा असतो, बँकेत नोकरी करतो, आणि शनिवार-रविवार स्वतः शिवलेला झगा घालून जंगलात राजाचा खजिनदार म्हणून फिरतो. हसू येतं ना? येऊ दे. मलाही आलं होतं. पण हसून झाल्यावर पुढे वाचा, कारण या खेळात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या होस्टेलला फार उपयोगाची आहे, आणि ती झग्यात नाही.

आता कुणी म्हणेल, मग हे नाटकच की! पुरुषोत्तमला आपली टीम जाते, 'आवाज कुणाचा' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडते, तेच ना? नाही. नाटकात संहिता असते, दिग्दर्शक असतो, तालमी असतात, आणि हे सगळं समोर बसलेल्या माणसासाठी चाललेलं असतं. परीक्षक चिडका असेल तर सगळं मुसळ केरात. लार्पमध्ये समोर बसलेला माणूसच नाही. त्यामुळे चांगला अभिनय येणं ही अट नाही. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही याची काळजी नाही, कारण मागची रांगच नाही! आपल्याला काय वाटतंय आणि समोरच्याला आपण खेळायला काय देतोय, एवढंच महत्त्वाचं. लाजाळू माणसांना हे नाटकापेक्षा सोपं जातं, हे मी स्वतःवरून सांगते.

हो, हे सगळं पुस्तकातून उतरवून काढलेलं नाही. थर्ड इयरला एक सेमिस्टर एक्स्चेंजवर डेन्मार्कला काढायची संधी मिळाली. तिथे लार्प म्हणजे चार विक्षिप्त लोकांचा छंद नाही. रविवारी गावाबाहेरच्या जंगलात शाळकरी पोरं फोमच्या तलवारी घेऊन लढाया करतात आणि आईबाप डबा घेऊन सोबत येतात, आपल्याकडे क्रिकेट कोचिंगला येतात तसे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला औषधी मुळ्या विकणारीची भूमिका मिळाली. माझ्या कमरेएवढा एक सेनापती समोर आला आणि त्याने मोडक्या इंग्रजीत दरडावून विचारलं, "तू कुणाच्या बाजूची?" मी म्हटलं, "जो रोख पैसे देईल त्याच्या." त्याने गंभीरपणे विचार केला, दोन लाकडी नाणी दिली आणि सगळ्या मुळ्या घेऊन गेला. त्या दिवशी पहिल्यांदा मला धंदा जमू शकेल असं वाटलं.

आता खेळ प्रत्यक्ष चालतो कसा ते सांगते. आधी आयोजक एक जग ठरवतात. ते मध्ययुगीन गाव असेल, अंतराळयान असेल, नाहीतर बंद पडत चाललेला एखादा कारखाना असेल. मग प्रत्येकासाठी भूमिकेचा कागद तयार होतो. त्यात तुमचं नाव, तुमचा धंदा, तुम्हाला काय हवंय, कुणाशी वैर, कुणावर प्रेम, आणि कुणालाही न सांगितलेलं एखादं गुपित असतं. खाणावळवाल्याने सावकाराकडून कर्ज घेतलंय. सावकाराचा मुलगा घर सोडून पळायच्या बेतात आहे. त्याला पळायला गाडी देणार आहे तोच खाणावळवाला. प्रत्येकाकडे कथेचा एकच तुकडा असतो. हे सगळे तुकडे एका खोलीत सोडले की बाहेरून फारसं काही करावं लागत नाही, गोष्ट आपोआप पेटते.

खेळाच्या दिवशी आधी नियम सांगतात, थोडा सराव घेतात. मग खूण होते आणि खेळ सुरू. त्यानंतर तुम्ही 'तुम्ही' नसता. मध्येच फोन आला किंवा बाथरूमला जायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी डोक्यावर हात ठेवून चालायची पद्धत आहे. म्हणजे 'मी आत्ता खेळात नाही, मला पाहू नका.' (ही सोय लेक्चरला मिळाली तर काय बहार येईल!)

लढाईचं काय, हा पोरांचा हमखास प्रश्न. तर शस्त्रं खोटी असतात, पण त्यांचं इंजिनिअरिंग खरं असतं. मधे फायबर ग्लासची कांडी, तिच्यावर चिकटवलेले फोमचे थर, त्यावर लॅटेक्सचे हात. लांबून बघाल तर पोलाद वाटेल, अंगावर बसली तर उशी. खेळाआधी प्रत्येक शस्त्राची तपासणी होते. फोम कुठे फाटलाय का, टोकाशी कांडी हाताला लागते का, हे दाबून पाहतात. डोक्यावर वार करायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, आणि बऱ्याच ठिकाणी तलवार भोसकायलाही, कारण आतली कांडी फोम फाडून बाहेर येऊ शकते. वार करतानाही शेवटच्या क्षणी हात आवरायचा असतो. आणि लागलं की नाही हे ज्याला लागलं तो सांगतो. अंपायर नाही, डीआरएस नाही! सगळा भरवशाचा मामला. काही खेळांत तर शस्त्रंच नसतात. १९९३ पासून निघालेल्या 'माइंड्स आय थिएटर' नावाच्या व्हँपायर मंडळींच्या खेळात भांडणाचा निकाल चक्क दगड-कागद-कात्रीने लागायचा.

हे खूळ आलं कुठून? थोडा इतिहास सांगते, पेंगू नका. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच असलेला युद्धाचा खेळ रुजवला. अधिकाऱ्यांनी खरी माणसं न मारता लढाई शिकावी हा हेतू. या कुळातले खेळ पुढे हौशी लोकांच्या टेबलावर आले. त्यातून १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढलं. त्यात अख्ख्या सैन्याऐवजी प्रत्येकाने एकच पात्र चालवायचं. पण तेही टेबलाभोवती बसून, तोंडाने सांगायचं, "मी दार उघडतो." मग कुणाला तरी वाटणारच की सांगायचं कशाला, खरोखरच दार उघडू! १९७७ च्या सुमारास वॉशिंग्टनजवळ 'डॅगोरहिर' नावाने फोमच्या शस्त्रांच्या लढाया सुरू झाल्या. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात पेकफर्टन नावाच्या किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' सुरू झालं. तिथे पैसे भरून लोक खऱ्या तळघरांत खोटे राक्षस शोधायला जायचे. ते काही वर्षांतच बंद पडलं, पण तिथे खेळलेली माणसं हे वेड घेऊन आपापल्या गावी गेली.

आज जर्मनीत ब्रोकेलोह नावाच्या लहानशा गावाजवळ 'कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिआ' नावाचा मेळा भरतो. २००४ पासून तिथे उन्हाळ्यात हजारो लोक तंबू ठोकून राहतात आणि सैन्यं समोरासमोर येतात. पोलंडच्या चोखा किल्ल्यात २०१४ मध्ये 'कॉलेज ऑफ विझार्ड्री' झालं. हॅरी पॉटरच्या जगातलं जादूचं कॉलेज, त्यात खरे वर्ग, आणि मोठी माणसं वह्या घेऊन लेक्चरला बसलेली! पुढे त्यांनी पॉटरचं जग सोडून स्वतःचं जग रचलं. (आपण चार वर्षं लेक्चर बुडवायला धडपडतो आणि ही माणसं पैसे भरून लेक्चरला बसतात. दुनिया गोल आहे.)

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या चार देशांनी मात्र या खेळाला वेगळंच वळण दिलं. १९९७ मध्ये ऑस्लोला लार्प करणाऱ्यांची 'क्नूटपुंक्ट' नावाची परिषद झाली, आणि ती तेव्हापासून या चार देशांत फिरते. खेळ कसा रचावा, लोकांना सुरक्षित कसं ठेवावं, यावर तिथे इतक्या गांभीर्याने बोलतात की आपली नॅशनल कॉन्फरन्स लाजावी. तिथल्या अनेक खेळांत तलवारही नसते, राक्षसही नसतो. २०११ मध्ये नॉर्वेत 'जस्ट अ लिटल लव्हिन' नावाचं लार्प पहिल्यांदा झालं. विषय काय, तर १९८२, ८३ आणि ८४ अशा लागोपाठ तीन वर्षांच्या ४ जुलैला न्यूयॉर्कजवळ जमणारं एक मित्रमंडळ, आणि त्यांच्यात शिरलेला एड्स. एक पार्टी संपली की पुढच्या पार्टीआधी चिठ्ठ्या काढून ठरायचं की कुणाला लागण झाली आणि कोण गेलं. ज्याच्याशी तासाभरापूर्वी हसत नाचलात त्याच्या अंत्यविधीला उभं राहायचं. एड्सवर आपण शाळेत तक्ते रंगवले, घोषणा पाठ केल्या. पण मित्र गेल्यावर बाकीच्यांचं काय होतं ते तक्त्यावर मावत नाही.

आणि हो, डेन्मार्कमध्ये होब्रो नावाच्या गावात २००६ पासून 'ओस्टरस्कोव्ह' नावाची एक निवासी शाळा आहे. आपल्या नववी-दहावीच्या वयाची मुलं तिथे राहून शिकतात (होस्टेलवाल्यांनी नोंद घ्यावी!), आणि शिकवणं मुख्यतः रोल प्लेमधून होतं. कथा एक, आणि त्या कथेतच गणित, इतिहास, भाषा. सरकारी परीक्षा त्यांनाही असतात, आणि ती मुलं त्या देतातही.

आता विरोधी पक्षाचं बोलू. माझ्या घरी हे सगळं सांगितल्यावर काकाने एका वाक्यात निकाल दिला, "पोटं भरलेल्या लोकांचे चाळे आहेत." काकाचं अगदीच चूक नाही. मोकळा शनिवार-रविवार, पोशाखाला पैसे आणि जंगलात सुरक्षित फिरता येणं, या तिन्ही गोष्टी लागतात आणि त्या सगळ्यांकडे नसतात. पण याच न्यायाने ट्रेकिंगही चाळे आणि आपलं गॅदरिंगही चाळेच.

दुसरा आक्षेप असा की ही खऱ्या आयुष्यातून पळवाट आहे. असेलही. पण तीन तासांचा सिनेमा, चार तासांची मॅच आणि सहा तासांचं रील बघणं हे काय आहे? तिथे आपण पळतोही दुसऱ्याच्या पायांनी. लार्पमध्ये निदान स्वतः पळावं लागतं.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. भूमिकेत इतकं शिरून डोक्यावर परिणाम होणार नाही का? ८० च्या दशकात अमेरिकेत पालकांच्या संघटनांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर असाच गहजब केला होता. पोरं सैतानाच्या नादी लागतात, जीव देतात, असं म्हणत होते. ती भीती खोटी ठरली. पण भूमिकेतलं दुःख किंवा राग खेळ संपल्यावरही अंगात थोडा राहतो, हे खेळणारे स्वतःच मान्य करतात. त्याला त्यांनी शब्दही दिलाय, 'ब्लीड'. धुण्यात एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो ना, तसं. आणि लागतो हे मान्य केलं म्हणून त्यांनी त्यावर उपाय शोधले. मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती इथे येते.

वर्कशॉपमध्ये लेथला लाल रंगाचं मोठं बटण असतं. सर पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगतात, काहीही गडबड वाटली की आधी हे दाबा, चर्चा नंतर. ते दाबायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि दाबल्यावर "का दाबलंस, भित्रा कुठला" असं विचारत नाहीत. लार्पमध्ये हे लाल बटण प्रत्येकाच्या जिभेवर असतं. 'कट' म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबतं. 'ब्रेक' म्हटलं की खेळ चालू राहतो, पण समोरचा जोर कमी करतो. तोंडाने बोलवत नसेल तर डोळ्यांवर आडवा हात धरून निघून जायचं, कुणी अडवत नाही. काही ठिकाणी हाताच्या खुणेने गुपचूप विचारतात, 'ठीक आहेस ना?' समोरच्याने अंगठा वर केला तर पुढे चालू. आडवा किंवा खाली केला तर त्याला बाहेर नेऊन पाणी देतात. खेळ संपल्यावर सगळे गोल करून बसतात, भूमिकेचं नाव उतरवतात, स्वतःचं नाव घेतात आणि कसं वाटलं ते बोलतात.

ऐकायला हे फार साधं वाटतं. मलाही नियम सांगत होते तेव्हा तसंच वाटलं. मग थंडीतल्या एका संध्याकाळी एका हॉलमध्ये चौदा जणांचा खेळ होता. माझ्यामुळे सगळे इंग्रजीत खेळत होते. समुद्राकाठचं गाव, बंद पडणारा मासळीचा कारखाना, आणि मी पोस्टवाली. कामावरून कमी केल्याची पत्रं वाटायचं काम माझं. मॅनेजर झालेला उंच माणूस एका कामगार बाईवर टेबल ठोकून ओरडत होता. फार सुंदर करत होता, मी दारात पत्रं धरून बघतच राहिले. तेवढ्यात ती हलकेच म्हणाली, "ब्रेक." बस, एवढंच. त्याचा आवाज त्याच वाक्यात खाली आला. तो खुर्ची ओढून बसला आणि तेच कटू बोलणं शांतपणे बोलू लागला. खेळ तुटला नाही. कुणी वळून पाहिलं नाही. नंतर गोल बसल्यावर तिने सांगितलं की आता मी ठीक आहे. का थांबवलं हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिचं कारण तिच्याकडेच राहिलं.

त्या रात्री खोलीवर जाताना माझ्या डोक्यात आपल्याकडची 'इंट्रो' फिरत होती.

कुठल्या एका होस्टेलबद्दल बोलत नाहीये मी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोराला विचारा, यादी तीच येईल. काडीपेटीच्या काडीने व्हरांडा मोज. खांबाला प्रपोज कर. मोगँबो होऊन दाखव. घरी फोन लावल्यासारखं करून रड. म्हणजे बघा, भूमिका दिली, जागा ठरली, वेळ ठरली, संवाद आयत्या वेळचे. वरवर हे लार्पच! आणि सीनियरला विचारलं तर उत्तरही तयार असतं, "अरे, मजाच तर केली. ॲक्टिंग होती नुसती."

बरं, ॲक्टिंग होती असं धरून चालू. मग त्या खेळाला तीन साधे प्रश्न विचारू. ज्याला भूमिका दिली त्याला ती नको म्हणता आली असती का? मध्येच 'ब्रेक' म्हटलं असतं तर जोर कमी झाला असता की वाढला असता? आणि संपल्यावर कुणी गोल करून बसून विचारलं का, की बाबा रे, ठीक आहेस ना? तिन्हींची उत्तरं आपल्याला पाठ आहेत. चौथा प्रश्न मी माझ्याकडून जोडते. त्या खेळात सीनियर कधी ज्युनियर होतो का? लार्पमध्ये चिठ्ठीत भिकारी आला तर प्राध्यापकही भिकारी होतो. इंट्रोमध्ये एकाच्या वाट्याला कायम सिंहासन आणि दुसऱ्याच्या वाट्याला कायम काडीपेटी. लाल बटण नसलेल्या मशीनवर हात तुटला तर "मशीन मजेत फिरत होतं" असं कुणी म्हणत नाही.

याला कायदा आहे, माहितेय. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, २००९ मध्ये यूजीसीने नियम केले, आणि आपण आणि आपले पालक हमीपत्र भरतो. हे सगळं हवंच, एक अक्षरही कमी व्हायला नको. पण कायदा काय करायचं नाही तेवढं सांगतो. दोनशे अनोळखी पोरंपोरी एका छपराखाली आली तर त्यांनी ओळख कशी करून घ्यायची, हे कायद्यात लिहिलेलं नाही. मग होतं काय, की जिथे इंट्रो खरोखर बंद झाली तिथे ओळखच बंद झाली. फर्स्ट इयर आपल्या खोलीत, फोर्थ इयर आपल्या खोलीत, आणि मेसच्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक मोबाइल. सीनियर मंडळी म्हणतात की इंट्रोने घट्ट नाती व्हायची. त्यातला एक भाग मला पटतो. स्वतःला विसरून, थोडं वेडगळ वागून एकत्र हसलं की माणसं जवळ येतात, हे खरंच आहे. पण ती जवळीक वेडगळपणातून येते, जबरदस्तीतून येत नाही. आणि जबरदस्ती काढून वेडगळपणा ठेवायची रीत जगात कुणीतरी बसवून ठेवलेली आहे. आपण ती नुसती उचलायची.

म्हणून माझा प्रस्ताव आहे. या वर्षी फर्स्ट इयर आल्यावर एका शनिवारी कॉमन हॉलमध्ये एक लार्प करू. लेडीज होस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत संपेल इतकंच, तीन तासांचं. तलवारी नकोत, झगे नकोत. खर्च चिठ्ठ्यांचा आणि चहाचा.

विषय आपल्या कामाचा घेऊ. एका नदीवर धरण होणार आहे आणि आज गावाची सभा आहे. भूमिका अशा: कार्यकारी अभियंता, कंत्राटदार, तलाठी, सरपंच, दोन एकर जमीन असलेली विधवा, जमीन नसलेला मजूर, शाळेतले गुरुजी, खालच्या अंगाला पाण्याची वाट बघणारा शेतकरी, मुंबईला नोकरी करणारा गावचा मुलगा, आणि ज्यांचं घर पहिल्या पावसातच पाण्याखाली जाणार आहे ती म्हातारी. नावं टोपीत टाकायची आणि चिठ्ठ्या काढायच्या. सिव्हिलचा टॉपर म्हातारी होऊ शकतो. पहिल्या वर्षाची, कालच गावाहून आलेली मुलगी कार्यकारी अभियंता होऊ शकते. रेक्टर मॅडमना आणि सरांनाही आग्रहाचं निमंत्रण. त्यांच्या चिठ्ठीत मजूर आला तर बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत, एवढं पाळा!

आपण डॅम डिझाइनच्या पेपरला पाण्याची सगळ्यात वरची पातळी काढतो. नकाशावर ती एक रेघ असते, आणि रेघेच्या आत जे येतं त्याला आपण 'बुडीत क्षेत्र' म्हणतो. पाच मार्कांचा प्रश्न आहे. तीन तास त्या रेघेच्या आत बसून, "पोरी, माझ्या विहिरीचे किती धरलेस?" असं विचारून किंवा ऐकून बघा. उत्तर बरोबर की चूक हे कुणी तपासणार नाही. पण पुढे कधी खरोखर ती रेघ मारायची वेळ आली, तर हात क्षणभर थांबेल. मला तर तो एक क्षण पाच मार्कांपेक्षा मोठा वाटतो.

नियम फक्त चार. भूमिका नको असेल तर चिठ्ठी परत टोपीत टाकायची, कारण द्यायचं नाही. 'ब्रेक' म्हटलं की जोर कमी. 'कट' म्हटलं की सगळं बंद, मग म्हणणारा एफईचा असो नाहीतर बीईचा. आणि शेवटी गोल करून बसल्याशिवाय चहा मिळणार नाही.

कुणी म्हणेल, पोरखेळ आहे. असू दे. भातुकली खेळताना बंड्या "मला नाही खेळायचं" म्हणाला तर आपण खेळ थांबवायचो, त्याला मनवायचो, हवं तर डॉक्टर करायचो. एवढी अक्कल आपल्याला सहाव्या वर्षी होती. ती कुठल्या सेमला बॅक राहिली, ते ज्याने त्याने आपापल्या मार्कशीटमध्ये बघावं.

नावं नोंदवायला मेसच्या बोर्डशेजारी कागद लावलाय. पेन मात्र स्वतःचं आणा, तिथलं कालच गेलं!